घोडी बाद

घोडी थांब्यावर आली तसे सगळे घोडीकडे धावले. मीही धावलो, कारण पाण्याचे ड्रम माझ्या पिकअपमध्ये होते. उदेसिंगने लगाम धरला, त्याच्या दोन माणसांनी खोगीर सोडलं, मी बादल्या भरून देऊ लागलो. मानेवर पाणी, छातीवर पाणी, पायांना ओली पोती. थंडीची सकाळ, घोडीच्या अंगातून वाफा निघत होत्या.

खोगीर निघालं म्हणजे त्याआधी पोरगी खाली उतरली असणार. मी तिला उतरताना पाहिलं नाही. कोणीच पाहिलं नाही. केसरने पाहिलं.

केसर माझी बायको, उदेसिंगची धाकटी बहीण. पोरगी म्हणजे हेमांगी, उदेसिंगची मुलगी. नऊ वर्षांची, चौथीत शिकणारी. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात, तिच्या नवऱ्याला फुवा. हेमांगीला घरात सगळ्यांपेक्षा फुईच जवळची. आम्हाला मूल नव्हतं, म्हणून सुट्टी लागली की ती आमच्याकडेच असायची.

तापीकाठी दत्ताची जत्रा भरते, तिथे घोड्यांचा मोठा बाजार असतो. त्या वर्षी जत्रेच्या लोकांनी पहिल्यांदाच लांब पल्ल्याची शर्यत ठेवली. वीस किलोमीटरची एक फेरी, मग थांबा, मग पुन्हा तेवढीच दुसरी फेरी. बैलांच्या शर्यतीसारखं नुसतं पळवायचं नाही. फेरी झाली की जनावरांचा डॉक्टर घोड्याची छाती तपासतो. अर्ध्या तासात ठोके चौसष्टच्या खाली आले तरच घोडा पुढे जाणार, नाहीतर बाद. मुक्या जनावरावर जुलूम होऊ नये म्हणून हा नियम, असं लाउडस्पीकरवर सकाळपासून सांगत होते. लोक माना डोलवत होते.

स्वारासाठी नियम एवढाच की डोक्यात टोप पाहिजे आणि लहान असेल तर बापाची परवानगी पाहिजे. परवानगी बापानेच दिली होती. पोर हलकी, घोडीला ओझं नाही, आणि घोडीवर ती पाच वर्षांची असल्यापासून बसते, असं उदेसिंगचं म्हणणं. शिवाय सगळ्यात लहान स्वार म्हणून जत्रेच्या फलकावर तिचा फोटो लागला होता. उदेसिंगने त्या फलकाखाली उभं राहून पाहुण्यारावळ्यांबरोबर फोटो काढून घेतले. मलाही ओढलं. "या पाहुणे, तुमची पण भाची आहे," म्हणाला.

तर थांब्यावर आम्ही घोडीला धूत होतो आणि केसर पोरीला धरून माझ्या पिकअपच्या मागे घेऊन गेली. मला वाटलं, लघवीला नेलं असेल. बऱ्याच वेळाने केसर एकटीच बाहेर आली. तिच्या हातात पोरीची विजार होती. आतल्या बाजूने ती ओली होती, आणि पाण्याने नाही.

ती सरळ डॉक्टरकडे गेली. डॉक्टर तरुण होता, बिचारा सकाळपासून घोड्यांच्या छातीला नळी लावून वाकला होता. केसर त्याला म्हणाली, "साहेब, जरा पोरीला पण बघा. मांड्या सोलल्यात तिच्या. ओकली दोनदा. हातपाय गार पडलेत."

डॉक्टर म्हणाला, "बाई, मी जनावरांचा डॉक्टर आहे."

"नळी तर तीच आहे ना. पोरीचे ठोके मोजा. तिचे चौसष्टच्या वर असले तर तिला बाद करा."

आजूबाजूचे हसले. डॉक्टरही कसनुसं हसला आणि म्हणाला, स्वाराची तपासणी आमच्याकडे नसते, पोरीला बरं नसेल तर घरच्यांनी ठरवावं. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्याला जे काम दिलं होतं ते तो करत होता.

मग केसर उदेसिंगकडे आली. ती डाव्या पायाने जरा ओढत चालायची. लहानपणी विहिरीच्या पायऱ्यांवरून पडली होती, असं आम्हाला लग्नात सांगितलं होतं. ती हळू आवाजात भावाशी बोलली, विजार दाखवली. उदेसिंगने विजारीकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं.

"नवीन खोगिराने होतं तसं," तो म्हणाला. "तेल लाव अन् खाली फडकं गुंडाळ."

"भाऊ, ती दमलीय."

"दमायला काय झालं? पळते घोडी. पोरगी नुसती बसलेली."

यावर त्याची माणसं मोठ्याने हसली. मीही जवळच होतो. मी उदेसिंगला म्हटलं, एक फेरी झाली, नाव झालं, आता राहू द्या. तो म्हणाला, पाहुणे, तुम्ही पाणी बघा. तेव्हा घोडीचे ठोके सत्तरला आले होते आणि उतरत होते. पुढचे दोन घोडे दमलेले होते. शर्यत हातात आली होती, हे कोणालाही दिसत होतं. उदेसिंगला तर दुसरं काही दिसत नव्हतं.

केसर तिथेच उभी राहिली. भांडली नाही. भांडली असती तर तिला चार बायकांनी बाजूला नेलं असतं, हे तिला माहीत होतं. घोडेवाल्यांच्या घरात वाढलेली ती. थोडा वेळ ती घोडीकडे पाहत राहिली. घोडीने मान खाली सोडली होती, ओठ सैल सोडले होते. मग केसर मला म्हणाली, "पोरीजवळ कोणाला येऊ देऊ नका. मी डेऱ्यावर जाऊन येते."

डेरा म्हणजे उदेसिंगचा तंबू, बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला. मला वाटलं, पोरीसाठी दूध किंवा दुसरी विजार आणायला गेली असेल.

मी पिकअपमागे गेलो. हेमांगी पोत्यांवर बसली होती, केसरची शाल कमरेला गुंडाळून. पाय लांब केले होते आणि दात वाजत होते. मी तिला पाणी दिलं. तिने दोन घोट घेतले आणि तांब्या परत दिला. "फुई कुठे गेली?" असं तिने विचारलं. येते म्हटलं.

इकडे घोडीचे ठोके सहासष्टवर आले. अजून वेळ शिल्लक होता. उदेसिंगचा एक माणूस खोगीर पुसत होता. उदेसिंगने मिशीवरून हात फिरवला आणि मला ओरडून सांगितलं की पोरीला तयार करा.

तेवढ्यात शिंगरू ओरडलं.

याबद्दल सांगायला पाहिजे. घोडीला पाच महिन्यांचं शिंगरू होतं. शर्यतीसाठी उदेसिंगने ते पंधरा दिवसांपूर्वी तिच्यापासून तोडलं होतं. घोडी आठवडाभर रात्रंदिवस ओरडत होती, मग गप्प झाली. शिंगरू घरी ठेवायला पाहिजे होतं. पण बाजारात चांगलं गिऱ्हाईक मिळेल म्हणून उदेसिंगने तेही जत्रेत आणलं आणि घोडीला दिसू नये, ऐकू येऊ नये म्हणून लांब डेऱ्यावर बांधलं. शहाणा घोडेवाला असं करत नाही. लोभी करतो.

शिंगरू ओरडलं आणि घोडीची मान ताडकन वर आली. कान पुढे. ती एवढ्या जोरात खिंकाळली की लाउडस्पीकरवाला बोलायचा थांबला. शिंगराने परत ओरडून साद दिली. मग घोडी आवरेनाच. दोन माणसं लगामाला लटकली, ती त्यांना घेऊन गरगर फिरली. डॉक्टर मागे सरला, पुन्हा जवळ आला, नळी लावली. सहासष्टचे नव्वद झाले होते.

गर्दीच्या कडेला केसर उभी होती. हातात शिंगराची दोरी.

उदेसिंगने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलंच नाही. तो घोडीला चुचकारत होता, डोळ्यांवर फडकं टाकत होता, माणसांना शिव्या देत होता, शिंगरू हाकला म्हणत होता. एकजण शिंगरू ओढायला गेला तर ते त्याच्यावर उधळलं आणि आणखी ओरडलं. केसरने दोरी मनगटाला दोन वेढे देऊन धरली होती. डॉक्टरने पुन्हा मोजलं. पुन्हा मोजलं. वेळ संपली तेव्हा ठोके चौऱ्याऐंशी होते.

लाउडस्पीकरवर सांगितलं, सगळ्यात लहान स्वार कुमारी हेमांगी यांची घोडी बाद, प्रेक्षकांनी टाळ्या वाजवून त्यांचं कौतुक करावं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग उदेसिंग केसरकडे आला. आवाज चढवला नाही त्याने. लोक बघत होते.

"तू आणलंस?"

"मी आणलं."

"का?"

"घोडीची तपासणी होते, पोरीची होत नाही. म्हणून."

"तुला कोणी सांगितलं होतं हे करायला?" असं म्हणून तो पिकअपकडे वळला. शालीत गुंडाळलेली हेमांगी तिथे पाठीमागच्या फळीला धरून उभी होती. त्याच्या हातात लगामाचा पट्टा होता. "पोरीने सांगितलं का? काय गं, तू काही बोललीस फुईला?"

पोरगी पांढरीफटक पडली. केसर मध्ये आली.

"ती काय बोलणार? तिला तुझ्यापुढे तोंड आहे का? मला कोणी सांगायला लागत नाही."

"तुला काय कळतंय त्यातलं," उदेसिंग म्हणाला. आता त्याला लोकांचंही भान राहिलं नव्हतं. "पोटी एखादं आलं असतं म्हणजे कळलं असतं, आईबापाला लेकराचं नाव झालेलं बघून काय वाटतं ते. वांझेला काय कळणार?"

मी पुढे झालो. मी त्याच्या अंगावर गेलो असतो. केसरने मागे न बघता हात आडवा करून मला थांबवलं.

"का नाही आलं पोटी, ते सांग यांना," ती म्हणाली. "तू सांगतोस का मी सांगू?"

उदेसिंगने मान फिरवली.

"सांग ना. तू होतास की तिथे. निघताना घोडीचा कासरा तुझ्याच हातात होता. आबांनी पैज लावली होती, माझी पोरगी तालुक्यापासून गावापर्यंत न थांबता घोडी आणेल म्हणून. मी हेमीएवढी होते. तेव्हाही सगळे म्हणत होते, पळते घोडी, पोरगी नुसती बसलेली. नाल्यात घोडी कोसळली ती माझ्या अंगावर. खुब्याचं हाड मोडलं, कंबर मोडली. डॉक्टरने आईला सांगितलं, हिला मूल राहायचं नाही. दाराआड तू उभा होतास, आत खाटेवर मी होते. तूही ऐकलंस, मीही ऐकलं. आणि लग्नात काय सांगितलंत? विहिरीच्या पायरीवरून पडली."

डॉक्टर नळी गुंडाळत होता, त्याचे हात थांबले.

उदेसिंग शेवटी म्हणाला, "घरातल्या गोष्टी बाजारात काढल्यास तू. आजपासून तुला माहेर नाही. मी मेलो तरी येऊ नकोस."

"बरं," केसर म्हणाली. तिने शिंगराची दोरी सोडली. ते धावत घोडीकडे गेलं आणि तिच्या पोटाखाली तोंड खुपसून धक्के देऊ लागलं.

पोरीला उदेसिंगने आमच्याबरोबर पाठवलं नाही. आपल्याच गाडीत बसवून घेऊन गेला. जाताना तिच्या कमरेला केसरची शालच होती.

परत येताना पुलावर उसाचे ट्रॅक्टर अडकले होते. आम्ही गाडीत बसून होतो. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. त्या चौदा वर्षांत माझ्या आईने केसरला एक देव सोडला नव्हता. सातपुड्यातल्या देवीपर्यंत तिला पायी नेलं होतं, त्या पायाने. दर मंगळवारचा उपास, कोणाकोणाच्या ओट्या, कोणाकोणाचे अंगारे. नात्यातल्या बायका बारशाला हिला मागे बसवायच्या. आणि ही सगळं माहीत असून गप्प राहिली होती. देवीला नवस बोलताना हिने काय मागितलं असेल, असं माझ्या मनात आलं.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर नांदवली असती?"

"हो."

"आज हो म्हणताय. तेव्हा तुम्ही तेवीस वर्षांचे होतात आणि सासूबाई जिवंत होत्या."

समोरचा ट्रॅक्टर हलला. मी गाडी काढली. ती म्हणाली त्यात खोटं काही नव्हतं. थोड्या दिवसांनी राग गेला. तिच्यावरचा गेला. त्या घरावरचा अजून आहे. माझ्यापासून लपवलं एवढंच नाही, तर तिच्याकडूनही लपवून घेतलं, आणि त्याच माणसाने त्याच गोष्टीसाठी तिला चार लोकांत वांझ म्हटलं.

उदेसिंगने शब्द पाळला. तेवढा एक पाळला. राखीला केसरने पोस्टाने राखी पाठवली ती परत आली. दिवाळीला बोलावणं नाही. तिची आई आजारी पडली ते आम्हाला भाजीवाल्याकडून कळलं. केसर गेली, तर दारात वहिनी उभी. रडत म्हणाली, ताई, नका येऊ, ते घरात आहेत. केसर पायरीवरूनच परतली. आई गेली तेव्हा तिला सरणावरच पाहिलं.

हेमांगीला आमच्याकडे पाठवायचं बंद झालं. रस्त्यात भेटली तरी बोलायची नाही, मान खाली घालून पुढे जायची. केसर म्हणायची, तिला शिकवलंय, तिचा दोष नाही. पण त्या दिवशी जेवताना भाकरी मोडायची आणि तशीच ठेवायची.

पुढच्या वर्षी उदेसिंगने पोरीला पुन्हा शर्यतीत उतरवलं. शिंगरू विकून टाकलं होतं, आता अडचण नव्हती. हेमांगीने दोन्ही फेऱ्या पूर्ण केल्या. काही झालं नाही तिला. पडली नाही, मोडली नाही. मेडल मिळालं, पेपरात फोटो आला, शाळेत सत्कार झाला. त्यानंतरही दोनदा बसली, दोन्हीदा मेडल आणलं. गावात लोक मला ऐकवायचे, बघा लोटनसिंग, उगाच तमाशा केला तुमच्या मंडळींनी, पोरगी कशी वाघीण निघाली. पोरगी धडधाकट होती. केसरचं माहेर तुटलं होतं आणि तिच्या कंबरेची गोष्ट अख्ख्या तालुक्याला माहीत झाली होती. कशासाठी, असं मी एकदा तिला रागाने विचारलंही. ती म्हणाली, "काही नाही झालं ना पोरीला. चांगलंच की." आणि उठून गेली.

केसर या श्रावणात गेली. ताप आला, काविळीवर गेला, आठ दिवसांत संपलं. उदेसिंग स्मशानात आला. लांब, लिंबाखाली उभा राहिला आणि अग्नी दिल्यावर निघून गेला. मी त्याला हाक मारली नाही.

तेरावं झाल्यावर, पाहुणे पांगल्यावर, हेमांगी आली. आता ती मोठी झाली आहे, नाशिकला नोकरीला असते. एकटीच आली होती एसटीने. मला तिला ओळखायला जरा वेळ लागला. केसरच्या फोटोपुढे बसली, मग माझ्यापुढे येऊन बसली. चहा मीच केला, साखर जास्त झाली. इकडचं तिकडचं बोललो. घोड्यावर बसतेस का अजून, असं मी विचारलं. खोचून विचारलं, खरं सांगायचं तर. माझ्या मनात ते होतंच, की हिच्यासाठी जिने सगळं घालवलं तिच्याकडे ही कधी फिरकली नाही.

ती म्हणाली, "नाही. दहावीला गेल्यावर सुटलं." मग म्हणाली, "फुवा, फुईने तुम्हाला सांगितलं होतं का?"

"काय?"

"त्या दिवशी तुमच्या गाडीमागे मीच तिला म्हटलं होतं, मला आता नाही बसायचं. तिचे पाय धरले होते मी. आणि म्हटलं, मी बोलले हे बाबांना सांगू नको, ते पट्ट्याने मारतात. ती म्हणाली, तू काही बोलली नाहीस आणि मी काही ऐकलं नाही."

मला उदेसिंगच्या हातातला पट्टा आठवला, आणि पिकअपकडे वळलेलं त्याचं तोंड. त्याने पोरीला विचारलं आणि केसर मध्ये येऊन आपलं सगळं बोलली होती. घोडी तर तेव्हा बाद झालेलीच होती. ते बोलायची काही गरज नव्हती, असं मला इतकी वर्षं वाटत आलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "मला नाही सांगितलं. कधीच नाही."

हेमांगीने कप खाली ठेवला.

"मग पुढच्या वर्षी?" मी विचारलं. "पुढच्या वर्षी का बसलीस?"

"पुढच्या वर्षी थांब्यावर उतरले तेव्हा मी गाड्यांच्या मागे जाऊन उभी राहिले," ती म्हणाली. "सगळे घोडीजवळ होते. मी बघत होते, कोणी येतंय का. मग बाबांनी हाक मारली आणि मी जाऊन बसले."

त्या दुसऱ्या शर्यतीच्या दिवशी आम्ही नदीच्या अलीकडे घरीच होतो. वारा तिकडून होता. लाउडस्पीकरवर दुसऱ्या फेरीसाठी तिचं नाव पुकारलेलं आम्ही दोघांनी ओट्यावर बसून ऐकलं होतं.